‘आमच्या घराण्यातच उंची नाही’ म्हणण्याआधी: मुलाच्या उंचीतला जनुकांचा वाटा घरच्या घरी कसा ताडून पाहायचा

शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे वर्षातून दोनदा सगळ्या वर्गांची उंची मोजायचं काम माझ्याकडे असतं. पालकसभेत त्यावरून बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, “आमच्या घराण्यातच उंची नाही हो मॅडम, खाण तशी माती.” दुसरं, “कोणती पावडर सुरू करू?” पहिल्या वाक्यामुळे खरोखरचं दुखणं असलेलं मूल वर्षानुवर्षं तसंच राहतं. दुसऱ्यामुळे चांगल्या धडधाकट मुलाच्या मागे पावडरीचे डबे लागतात. दोन्हीकडे चूक एकच असते, न मोजताच निकाल लावलेला असतो.

उंचीवर जनुकांचा मोठा हात असतो हे खरं आहे. पण तान्ह्या बाळावर, सहा वर्षांच्या मुलावर आणि वयात येणाऱ्या मुलीवर तो सारखा चालत नाही. तो ओळखायचा तर क्रम पाळावा लागतो: आधी आई-वडील मोजायचे, मग मूल, मग तक्ता, मग वर्षभराचा वेग. ‘घराण्यातलंच आहे’ हे वाक्य सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो, म्हणून हा लेख.

## तयारी: आधी हे जमवा

सेंटिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची मोजपट्टी घ्या. शिवणकामाची कापडी टेप नको, ती वापरून वापरून ताणली जाते.

उभं राहायला सपाट जागा हवी. आपल्या घरांत भिंतीच्या तळाशी फरशीची स्कर्टिंग असते आणि ती भिंतीच्या थोडी पुढे येते. टाचा तिला टेकल्या की पाठ भिंतीपासून सुटते आणि मूल मागे रेलतं. त्यापेक्षा कपाटाची बाजू किंवा दाराची सरळ चौकट बरी. खाली सतरंजी, पायपुसणं काही नको.

डोक्यावर टेकवायला काटकोनी वस्तू लागते. सुताराचा गुण्या असला तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं चालतं. वहीने किंवा पट्टीने मोजू नका, ती हातात कलते आणि एक-दीड सेंटिमीटर इकडचं तिकडे होतं.

जन्माचे कागद शोधून ठेवा: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड. त्यातून जन्मावेळचं वजन, लांबी आणि बाळ किती आठवड्यांचं होतं हे वहीत उतरवून घ्या.

तक्ते दोन लागतात. जन्मापासून ५ वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते, आणि ५ ते १८ वर्षांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे. मुलाचा तक्ता वेगळा, मुलीचा वेगळा. बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात, मागितले की देतात.

सावधान: सगळं काम सेंटिमीटरमध्ये करा. ५ फूट ६ इंच ही उंची पुष्कळ जण ‘५.६’ अशी लिहितात आणि तिला ३०.४८ ने गुणतात. उत्तर १७०.७ येतं. खरी उंची ६६ इंच गुणिले २.५४, म्हणजे १६७.६ आहे. ‘५.१०’ लिहिणाऱ्याचं तर याहून वाईट होतं. ५ फूट १० इंचांचा माणूस हिशेबात एकदम १५५ सेंटिमीटरचा होऊन बसतो.

## टप्पा १: आई-वडिलांना मोजा, विचारू नका

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. बाबांना त्यांची उंची विचारली की लग्नाच्या बायोडेटात छापलेली सांगतात, आणि ती बहुधा इंच-दोन इंच फुगवलेली असते. आईची उंची बाळंतपणाच्या वेळी कुणीतरी अंदाजाने लिहिलेली असते. दोघांनाही अनवाणी उभं करून मोजा.

आई-वडिलांपैकी कुणी लहानपणी उपासमार काढली असेल, फार आजारी असेल किंवा दुष्काळात वाढलं असेल, तर तसं शेजारी लिहा. अशा माणसाची आजची उंची म्हणजे त्याच्या जनुकांनी गाठलेली मर्यादा नव्हे, तेवढ्या अन्नात जमली तेवढी उंची. अशा घरात मुलं आई-वडिलांच्या डोक्यावरून जातात, आणि जायलाच हवीत.

## टप्पा २: अपेक्षित उंचीचा पट्टा काढा

दोघांच्या उंचीची बेरीज करा. मुलगा असेल तर तिच्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा. आलेल्या आकड्याचे निम्मे करा. १३ हा मोठ्या पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी उंचीतला फरक आहे.

उदाहरण घेऊ. बाबा १६८, आई १५२, बेरीज ३२०. मुलासाठी ३३३ चे निम्मे, १६६.५. मुलीसाठी ३०७ चे निम्मे, १५३.५. आता या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंटिमीटर सोडा. मुलाचा पट्टा १५८.५ ते १७४.५ झाला, मुलीचा १४५.५ ते १६१.५.

हा पट्टा एवढा रुंद का, हे समजून घ्या, कारण चुका इथेच होतात. उंचीचं असं एकच जनुक नसतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ५४ लाख लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. त्यात डीएनएमधल्या, उंचीशी नातं असलेल्या १२,१११ जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक जागांचा परिणाम इवलासा असतो, कुठे किंचित वाढ तर कुठे किंचित घट. आई-वडील प्रत्येकी आपल्यातल्या निम्म्या जागा मुलाला देतात, पण कुठल्या निम्म्या ते पत्ते पिसल्यासारखं दर वेळी नव्याने ठरतं. म्हणून एकाच आईच्या पोटचे दोन सख्खे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या कानाशी येऊ शकतं, आणि दोघेही निरोगी असतात. ‘मामाच्या वळणावर गेलाय’ म्हणतात त्यात तथ्य आहे. मामाला उंच करणाऱ्या जागा आईमध्येही असू शकतात आणि तिच्याकडून त्या मुलाकडे येतात.

आई-वडील दोघंही फारच बुटके किंवा फारच उंच असतील तर मूल सहसा सरासरीकडे थोडं सरकतं, हेही ध्यानात असू द्या.

तपासणी: सूत्रातून आलेला मधला आकडा मुलाला सांगू नका. “तू १६६ होणार” असं ऐकलेली मुलं रोज त्या आकड्याशी स्वतःला ताडून बघतात. वहीत पट्टा लिहा, आकडा नको.

लाळेच्या नमुन्यावरून उंची सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या मागे लागू नका. वर सांगितलेल्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. त्या लोकांतही या सगळ्या जागा मिळून उंचीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग समजतो, इतर वंशांच्या लोकांत १० ते २० टक्केच. आपल्या मुलाबद्दल दोन माणसं आणि एक मोजपट्टी त्याहून जास्त सांगतात.

## टप्पा ३: मूल मोजा, नीट

दोन वर्षांच्या आत: निजवून. हे काम दोघांचं आहे. एकाने डोकं सरळ धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि तळव्यांना फळी टेकवायची. घरी अंथरुणावर हे नीट जमत नाही. अंगणवाडीत किंवा लसीकरणाला जाल तेव्हा लांबी मोजायच्या फळीवर मोजून घ्या. वजन बहुधा होतंच, लांबी मात्र राहून जाते. आठवण करा.

दोन वर्षांनंतर: उभं करून. झोपून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास मोजण्याची पद्धत बदलली की मूल आक्रसल्यासारखं वाटतं आणि आजी घाबरते. कशी मोजली ते शेजारी लिहून ठेवलं की प्रश्न मिटतो.

माझ्याकडे मोजणी अशी चालते. बूट-मोजे बाहेर. मुलींचा अंबाडा, उंच बांधलेली पोनी, रिबिनीचं फूल, सगळं सोडायला लावते. (एकदा पाचवीतली मुलगी सहा महिन्यांत चार सेंटिमीटर वाढलेली दिसली. दुसऱ्यांदा मोजली तेव्हा तीन सेंटिमीटर वेणीचे निघाले.) टाचा, ढुंगण, खांद्याची पाती कपाटाला टेकलेली हवीत. हनुवटी वर नको, नजर समोर. कान आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत आली की डोकं बरोबर बसलं. मग गुण्या कपाटाला घट्ट धरून डोक्यापर्यंत खाली आणायचा, केस दबेपर्यंत. मुलाला श्वास घ्यायला सांगायचं, खूण करायची, मूल बाजूला करून मोजायचं. तीनदा. दोन आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळले की त्यांची सरासरी लिहायची.

वेळ दर खेपेला एकच ठेवा. रात्रभर झोपून उठल्यावर पाठीच्या मणक्यांतल्या चकत्या फुगलेल्या असतात, दिवसभरात त्या दबतात. सकाळ आणि संध्याकाळच्या उंचीत एक सेंटिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. मागच्या खेपेला संध्याकाळी आणि यंदा सकाळी मोजलंत, तर मूल न वाढताही वाढल्याचं दिसेल.

## टप्पा ४: तक्त्यावर ठिपका मांडा

वय वर्षं आणि महिने दोन्हींत काढा. ‘सात पूर्ण’ एवढं पुरत नाही, ७ वर्षं १० महिन्यांच्या मुलाला सातच्या रेषेवर ठेवलंत तर ते विनाकारण उंच दिसेल. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर पहिली दोन वर्षं तेवढे आठवडे वयातून वजा करूनच ठिपका मांडा.

तक्त्यावरच्या वक्र रेषा म्हणजे पर्सेंटाइल. २५ च्या रेषेवरचं मूल म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांना उंचीने रांगेत उभं केलं तर खालून साधारण पंचविसावं. परीक्षेत २५ टक्के मिळाले असा त्याचा अर्थ नाही. हे मी दर सभेत सांगते आणि दर सभेत कुणीतरी ‘नापास’ म्हणतंच. ३ आणि ९७ च्या रेषांच्या मधली बहुतेक मुलं निरोगी असतात.

आता मधली महत्त्वाची पायरी. टप्पा २ मधला पट्टा ५ ते १८ वर्षांच्या तक्त्याच्या उजव्या टोकाला, १८ वर्षांच्या उभ्या रेषेवर पेन्सिलीने मांडा. मुलाचा आजचा ठिपका ज्या वक्र रेषेच्या जवळ आहे, ती रेषा उजवीकडे नेली तर या पट्ट्यात शिरते का ते बघा. शिरत असेल तर मूल आई-वडिलांच्या मार्गावर आहे. बरीच खाली किंवा वर जात असेल तर कारण शोधायचं.

सावधान: एका ठिपक्यावरून काहीही ठरवू नका.

## टप्पा ५: ठिपका वयाप्रमाणे वाचा

एकाच जागी पडलेल्या ठिपक्याचा अर्थ वयानुसार बदलतो.

जन्मावेळी. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण ५० सेंटिमीटर असतं. ही लांबी मुख्यतः गर्भाशय आणि वारेची गोष्ट सांगते: आईची अंगकाठी, तिचं पोषण, रक्तदाब, साखर. बापाची उंची इथे अजून फारशी दिसत नाही. १९३८ मध्ये इंग्लंडात धिप्पाड शायर घोडे आणि ठेंगण्या शेटलंड तट्टांचा संकर केला होता. शिंगरू जन्मताना आईच्या मापाचं निघालं: आई शायर असेल तर मोठं, आई शेटलंड असेल तर लहान, रक्त तेवढंच मिसळलेलं असूनही. म्हणून उंच बापाचं बाळ जन्मतः लहान असलं तर कुणाकडे बोट दाखवायचं कारण नाही.

सहा महिने ते दोन वर्षं. या काळात सगळ्यात जास्त घबराट होते. गर्भातल्या मापाने जन्मलेलं बाळ आता आपल्या जनुकांच्या मार्गावर सरकायला लागतं. मोठं जन्मलेलं पण बुटक्या आई-वडिलांचं बाळ एक-दोन रेषा खाली येतं, लहान जन्मलेलं पण उंच आई-वडिलांचं बाळ वर चढतं. निरोगी बाळांमध्येही रेषा ओलांडणं या वयात नेहमीचं आहे. आधीच्याच रेषेवर परत चढवायला म्हणून घास कोंबू नका.

पण याच सहा ते चोवीस महिन्यांत वरचं अन्न अपुरं पडतं, जुलाब होतात आणि मूल खुजं राहतं. मग ओळखायचं कसं? जनुकांमुळे खाली सरकणारं बाळ खेळतं, खातं, लांबीच्या मानाने त्याचं वजन ठीक असतं, आणि नव्या रेषेवर आलं की ते तिथे स्थिरावतं. घसरण थांबतच नसेल, वजनही पडत असेल किंवा सारखं आजारपण असेल, तर ‘बारीकच आहे आमच्यासारखं’ म्हणून सोडू नका.

जागतिक आरोग्य संघटनेचे पाच वर्षांपर्यंतचे तक्ते ज्या सहा देशांतल्या मुलांवरून तयार झाले त्यांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत होते. आपली मुलं दिल्लीची होती. पोटभर अन्न, स्तनपान आणि स्वच्छता मिळालेली या सहाही ठिकाणची मुलं पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखीच वाढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. एवढा मोठा आकडा जनुकांच्या माथी मारता येत नाही. पाच वर्षांच्या आत ‘वंश’ हे शेवटचं कारण धरा.

दोन वर्षं ते वयात येईपर्यंत. इथून पुढे जनुकांचं म्हणणं स्पष्ट ऐकू येतं. वाढ आता मुख्यतः वाढीचं संप्रेरक आणि थायरॉइड यांच्या जोरावर चालते. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथे नव्या पेशी तयार होतात आणि हाड लांबतं. पेशी किती वेगाने वाढणार, किती वर्षं वाढणार, यात त्या हजारो जागांचा हात असतो. या वर्षांत निरोगी मूल आपली रेषा सोडत नाही. म्हणूनच तान्हेपणी जी घसरण चालते, ती सहाव्या-सातव्या वर्षी चालत नाही.

वयात येताना. जनुकं आता वेळापत्रकही ठरवतात. वयात कधी यायचं हेही बरंचसं घराण्यातून येतं, त्यामुळे एकाच वर्गात १३ वर्षांच्या दोन मुलांमध्ये वीतभर फरक दिसतो आणि पुढे दोघं सारखे होऊ शकतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. छातीला उभार येऊ लागतो तेव्हाच वाढीचा झपाटा सुरू झालेला असतो. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते, आणि तेव्हा झपाटा ओसरलेला असतो. पाळी आल्यानंतर मुलगी सहसा आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. ‘पाळी आली की उंची वाढेल’ म्हणून वाट पाहणारी आई नेमकी उशिरा पोचते. शंका असेल तर पाळीच्या आधी जा. मुलांचा झपाटा मात्र वयात येण्याच्या मधल्या-शेवटच्या भागात येतो, साधारण १३-१४ च्या सुमाराला.

मुलींना आठव्या वर्षाच्या आत किंवा मुलांना नवव्या वर्षाच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर ताबडतोब डॉक्टर गाठा. असं मूल वर्गात सगळ्यात उंच दिसतं, घरचे खूश असतात. पण हाडांच्या पट्ट्या लवकर मिटतात आणि मोठेपणी तेच मूल मागे पडतं. वजन बरंच जास्त असलेली मुलंही लहानपणी उंच दिसतात, त्यांचंही या अंगाने बघा.

तपासणी: ‘उंची ८० टक्के जनुकांवर’ असं वाचलं असेल. जुळ्यांच्या अभ्यासांतून मोठ्या माणसांबद्दल साधारण तेवढाच आकडा निघतो, तान्ह्या वयात तो बराच कमी असतो. पण त्याचा अर्थ ‘माझ्या मुलाच्या उंचीतले ८० टक्के ठरलेले, २० टक्के माझ्या हातात’ असा नाही. पोटभर खाणाऱ्या लोकांमध्ये माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांचा, एवढंच तो आकडा सांगतो. अन्न अपुरं पडलं की तो हिशेबच बदलतो.

## टप्पा ६: वर्षाचा वेग काढा

मला विचाराल तर सगळ्या लेखात हाच टप्पा मोलाचा. उंचीचा ठिपका आजवर काय झालं ते सांगतो, आत्ता काय चाललंय ते वेग सांगतो.

दोन मोजण्यांत किमान सहा महिने असू द्या, वर्ष असेल तर उत्तम. समजा १२ जूनला ११८.२ आणि पुढच्या वर्षी १० जूनला १२३.६. वाढ ५.४ सेंटिमीटर, ठीक. तीन महिन्यांच्या वाढीला चारने गुणू नका. मोजण्यात अर्धा सेंटिमीटर चुकला तरी वर्षाच्या हिशेबात ती चूक दोन सेंटिमीटरची होते.

ताडून पाहायला ढोबळ आकडे: पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास, तिसऱ्या वर्षी ८. मग वयात येईपर्यंत दरवर्षी ५ ते ६. वयात येण्याच्या अगदी आधी वेग जरा मंदावतो. झपाट्याच्या ऐन वर्षात मुली साधारण ८ आणि मुलगे ९-१० सेंटिमीटर वाढतात.

पाच वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी वेग वर्षाला ५ च्या खाली जायला लागला तर लक्ष ठेवा, ४ च्या खाली गेला तर थांबू नका. घराण्याने बुटकं मूल खालच्या रेषेवर असतं, पण रेषेबरोबर वर चढत राहतं. आजाराने खुंटलेलं मूल रेषा ओलांडून खाली येतं.

चौथीत माझ्याकडे एक मुलगी होती, गोलमटोल, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आई-वडील दोघंही ठेंगणे, त्यामुळे कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. मलाही वाटलं नाही. एकदा तिची आई सहज म्हणाली, “हिचं एक बरं आहे, दुसरीतला युनिफॉर्म अजून येतो.” मी वही उघडली. मागच्या जूनमध्ये ११९.५, त्या जूनमध्ये १२१. वर्षात दीड सेंटिमीटर. रक्त तपासलं तर थायरॉइड जवळजवळ बंद पडलेलं. रोजची एक गोळी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिचा स्कर्ट दोनदा उसवून लांब करावा लागला. ती आजही वर्गात बुटक्यांतच मोडते, आई-वडिलांवर गेली आहे. पण आता ती तिच्या रेषेवर आहे. दोन वर्षं मी तिची उंची लिहीत होते, वजाबाकी मात्र करत नव्हते. तेव्हापासून वहीत उंचीशेजारी वाढीचा रकाना आखते.

## टप्पा ७: घराण्याची माहिती विचारा

आता आजी-आजोबांजवळ बसा. आईला आणि मावश्यांना पाळी कितव्या वर्षी आली? बाबा शाळेत बुटके होते आणि दहावीनंतर, कॉलेजात वाढले का? ‘हा अकरावीत वीतभर वाढला, नवी पँट दिवाळीपर्यंत आखूड झाली’ असली आठवण इथे फार उपयोगी पडते. अशा घरात मुलं उशिरा वयात येतात आणि उशिरा पण पुरेशी वाढतात. मात्र मुलीला १३ पर्यंत आणि मुलाला १४ पर्यंत वयात येण्याची एकही खूण नसेल, तर घराण्यावर न सोडता दाखवून घ्या.

नात्यातलं लग्न आहे का, हेही मोकळेपणी सांगा. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. अशा घरात, दोघांकडून एकच सदोष जनुक आल्यावर दिसणारे दुर्मीळ आजार होण्याची शक्यता वाढते, त्यांतले काही वाढीचे असतात. डॉक्टरांना हे माहीत असलं तर शोध लवकर लागतो.

काही वेळा मात्र हजारो जागांची गोष्ट नसते, एकाच जनुकाची असते. अकोन्ड्रोप्लेझिया या खुजेपणात हात-पाय आखूड, डोकं मोठं आणि धड नेहमीसारखं असतं. एफजीएफआर-३ नावाच्या एका जनुकातला बदल त्याला कारण असतो. अशी सुमारे ८० टक्के मुलं सामान्य उंचीच्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात, बदल नव्यानेच झालेला असतो. कुणाच्या घराण्याचा दोष काढायला इथे जागाच नाही.

सावधान: आई-वडिलांपैकी एक जण फारच बुटका असेल, तर ‘मूल त्याच्यावर गेलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. एकाच जनुकाचा दोष त्या दोघांतही असू शकतो.

## टप्पा ८: डॉक्टरांकडे कधी, काय घेऊन

३ च्या रेषेखालचा ठिपका, आई-वडिलांच्या पट्ट्यापासून दूर गेलेली रेषा, दोन वर्षांनंतर ओलांडलेली रेषा, मंद वेग, हात-पाय आणि धड यांचं बिघडलेलं प्रमाण. यातलं एकही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज पडली तर ते संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवतील. लहान जन्मलेलं बाळ बहुधा दोन वर्षांपर्यंत इतरांना गाठतं. तुमच्याकडे तसं झालं नसेल तर तेही सांगा.

वही, तक्ता, जन्माचे कागद बरोबर न्या. डॉक्टर बहुधा डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतील. त्यावरून हाडांचं वय कळतं. वय ११ पण हाडं ९ ची असतील तर वाढायला वेळ शिल्लक आहे. हाडं वयाएवढीच असतील आणि आई-वडील बुटके असतील, तर ‘घराण्यातलंच’ या निष्कर्षाला पहिल्यांदा आधार मिळतो. थायरॉइड, रक्त आणि गव्हाची अॅलर्जी समजला जाणारा सीलिअॅक आजार, यांच्या तपासण्याही होतात.

मुलगी विनाकारण बुटकी असेल तर गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल स्वतः विचारा. सुमारे अडीच हजार मुलींमागे एकीत दुसरं एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसतं. याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. बऱ्याच वेळा लहानपणी बुटकेपणाशिवाय डोळ्यात भरणारं काहीच नसतं, आणि पाळी आली नाही म्हणून तपासायला जातात तेव्हा उपचाराची वर्षं निघून गेलेली असतात. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं अशा ठरावीक कारणांसाठीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असतात. जिमवाल्याने सुचवली म्हणून ती घ्यायची नसतात.

## टप्पा ९: वाढ संपली का ते ओळखा

सहा-सहा महिन्यांच्या अंतराने दोन मोजण्यांत काहीच फरक पडला नाही, मुलीची पाळी येऊन दोन-तीन वर्षं झाली किंवा मुलाला दाढी-मिसरूड पूर्ण आलं, की वाढ संपत आलेली असते. मुलगा असो वा मुलगी, हाडांच्या पट्ट्या मिटवण्याचं काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं. त्या मिटल्यावर लोंबकळणं, दोरीवरच्या उड्या, पावडर, गोळ्या, कशानेही हाड लांबत नाही. पोलीस भरतीला एक सेंटिमीटर कमी पडतो म्हणून दरवर्षी एखादा माजी विद्यार्थी माझ्याकडे येतो. त्याला आधी मनगटाचा एक्स-रे काढायला सांगते. पट्ट्या मिटलेल्या असतील तर त्याच दिवशी, उंचीची अट नसलेल्या नोकऱ्यांची यादी आम्ही दोघं बसून करतो.

वही मात्र फेकू नका. शेवटच्या पानावर लिहा: झपाटा कितव्या वर्षी आला, पाळी कधी आली, उंची कुठे थांबली. पंचवीस वर्षांनी तुमच्या नातवंडासाठी कुणीतरी टप्पा १ आणि टप्पा ७ करायला बसेल, तेव्हा त्याला हेच पान लागेल.